दोन फूट अंतर

"मागे," बायको म्हणाली.

मिस्तरी पाऊलभर मागे सरकले. गणिताच्या बाईंची पांढरी गाडी बॉनेट उघडं टाकून गॅरेजच्या दारात उभी होती. इंजिन चालू होतं. बाई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, वर्गात पर्यवेक्षण करत असल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी ती बैठक मोडली नव्हती.

"अजून."

"अगं, इतक्या लांबून मला काय कळणार?"

"तुम्हाला कळून घ्यायचं नाहीये. तुम्ही सांगायचं, मी करणार. असंच ठरलंय ना?"

असंच ठरलं होतं. ठरलं तेव्हा मिस्तरी दवाखान्यातल्या खाटेवर आडवे होते आणि त्यांच्या छातीत डाव्या बाजूला, खांद्याच्या जरा खाली, आगपेटीएवढं यंत्र नुकतंच बसवलेलं होतं. त्यामुळे ठरावाला विरोध झाला नाही.

आठ महिन्यांपूर्वी एका टेम्पोची वायर सोलता सोलता ते जागच्या जागी कलंडले होते. काळजाचा ठोका चुकणं हे त्यांनी तोवर फक्त बोलण्यात ऐकलं होतं. त्यांचं काळीज ते खरोखरच करत होतं, आणि कुठलंही कारण नसताना. मग पेसमेकर आला. घरी सोडताना डॉक्टरांनी नियम सांगितले. महिनाभर डावा हात वर न्यायचा नाही. मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही. आणि चालू इंजिनावर ओणवं व्हायचं नाही, कारण त्यात ते काय असतं, बॅटरी चार्ज करणारं, त्याच्यात लोहचुंबक असतं आणि त्याने आतलं मशीन गोंधळतं.

"अल्टरनेटर," मिस्तरी म्हणाले होते.

"तेच ते. तुम्हाला काय, रोज थोडंच इंजिनात डोकं घालायचंय?"

केसपेपरवर 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. तो भरून घेतात. वाचायचा असतो असं कुठे म्हटलेलं नाही. मिस्तरी पस्तीस वर्षं मोटारींच्या विजेचं काम करत होते, आणि त्यातही अल्टरनेटर हा त्यांचा हातखंडा होता.

डॉक्टरांनी अंतर एक फूट सांगितलं होतं. घरी पोचेपर्यंत बायकोने त्याचे दोन केले. अठ्ठावीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढल्यावर माणसाला कुठल्याही नियमात आपल्याकडून थोडी भर घातल्याशिवाय चैन पडत नाही. निवृत्त होऊन ती पुस्तकं वाचणार होती. त्याऐवजी ती एक स्टूल आणि एक वही घेऊन गॅरेजमध्ये येऊन बसली, आणि हळूहळू स्टुलावरून उठून मिस्तरींचे हात झाली.

"लाल कुठे, काळी कुठे?" मिस्तरींनी विचारलं.

"माहितेय मला." तिने मीटरच्या दोन्ही सुया बॅटरीला लावल्या आणि हजेरी घ्यावी तशी वाचली, "चौदा पॉइंट एक."

"बाई, हेडलाइट लावा. पंखा लावा. वायपर. मागच्या काचेचा हीटर. जे जे असेल ते सगळं लावा."

बाईंनी सगळं लावलं. इंजिनाचा आवाज खोल गेला. साडेतेराच्या खाली आकडा घसरला तर अल्टरनेटर ओझं पेलत नाही असं समजायचं.

"तेरा पॉइंट नऊ," बायको म्हणाली आणि वहीत लिहिलं. तिच्या आधी या गॅरेजमधल्या आकड्यांना कधी कागद दिसला नव्हता.

उद्या सकाळी बाईंना चार तासांवरच्या गावी जायचं होतं. धाकटी बहीण तिथल्या दवाखान्यात होती आणि आता फार दिवस नाहीत, असं भाच्याने कळवलं होतं. हे त्यांनी उतरल्याउतरल्याच सांगितलं होतं, गणितात 'दिलेले' लिहितात तसं, एका ओळीत. रस्त्यात थांबायला नको, एवढंच त्यांना हवं होतं.

मिस्तरींनी मान लांब केली. दोन फुटांवरून त्यांना पट्टा ऐकू येत होता, पंखा ऐकू येत होता, रस्त्यावरून जाणारी शाळेची बस ऐकू येत होती. आकडे तर चांगलेच होते.

"ठीक आहे," ते म्हणाले.

मिस्तरींच्या 'ठीक आहे'चा त्या भागात एक दबदबा होता. ते गाडी तपासून एक तर 'ठीक आहे' म्हणत किंवा 'ठेवून जा' म्हणत. मधलं काही त्यांच्याकडे मिळत नसे. 'ठीक आहे' म्हटलेली गाडी परत येत नाही, अशी ख्याती होती. खरं म्हणजे पस्तीस वर्षांत दोन आल्या होत्या. त्यांचे नंबर त्यांना अजून पाठ होते.

आता त्यांच्या पद्धतीविषयी. मीटर त्यांच्याकडे पहिल्यापासून होता, पण तो गिऱ्हाईकासाठी. आकडा दिसला की गिऱ्हाईकाला बरं वाटतं. स्वतःसाठी त्यांच्याकडे हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर होता. इंजिन चालू असताना त्याचं टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बाकीचं इंजिन बाजूला राहतं, फक्त तेवढंच एक आतून ऐकू येतं. बेअरिंग कोरडं पडायला लागलं, आत घासत वीज पोचवणारे कार्बन झिजले, की ते मीटरवर दिसायच्या महिनाभर आधी कानात कळतं. चार मिनिटं ते तसे उभे राहत. छाती इंजिनाला टेकलेली, मान वाकडी. नवीन गिऱ्हाईकं एकमेकांकडे बघत. जुनी गिऱ्हाईकं घड्याळाकडेसुद्धा बघत नसत.

पेसमेकर बसवल्यावर लोकांनी विनोद केले. मिस्तरी, आता तुमचीच बॅटरी तपासायला हवी. विनोद वाईट नव्हता. फक्त तो सत्तावीस जणांनी केला, आणि प्रत्येकाने आपल्यालाच सुचल्यासारखा केला. मिस्तरी सत्तावीस वेळा हसले. तो स्क्रूड्रायव्हर मात्र बायकोने घरी नेऊन फडताळावर टाकला होता, आणि त्यावर कुणी विनोद केला नाही.

गणिताच्या बाई तीन आठवड्यांनी आल्या. गाडी घेऊन नाही, चालत. त्या बाजूला काही काम होतं म्हणून डोकावल्या, असं म्हणाल्या. बायकोने स्टूल दिलं.

बोलता बोलता कळलं ते असं. निम्म्याहून जास्त वाट सरल्यावर गाडीतून करपल्याचा वास आला, मग काहीतरी फटकन तुटलं आणि गाडी थांबली. अल्टरनेटरचं बेअरिंग जाम होऊन पट्टा तुटला होता. त्या रस्त्यावर मेकॅनिक मिळून, पार्ट मिळून, गाडी पुन्हा चालू होईपर्यंत दुसऱ्या दिवशीची सकाळ झाली. बहीण पहाटे गेली होती. शुद्धीवर होती म्हणे रात्रभर. दाराकडे बघत होती.

मिस्तरींनी हातातला पाना खाली ठेवला. "आवाज येत होता का, बाई?"

"निघाल्यापासून जरासा येत होता. कुणी कण्हावं तसा." बाईंनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. "पण तुम्ही ठीक आहे म्हणाला होतात, म्हणून मी काही लक्ष दिलं नाही."

मग बाईच म्हणाल्या, "तुमची काय चूक, मिस्तरी. यंत्र आहे ते."

त्या शिव्या देत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना माणसाला उत्तर देता येतं. बाई गेल्यावर बायको बराच वेळ आपल्या वहीतलं ते पान उघडून बसली होती. चौदा पॉइंट एक, तेरा पॉइंट नऊ. आकड्यांत काही खोट नव्हती. अक्षरही सुरेख होतं.

त्यानंतर गॅरेजचा दिवस वरवर पहिल्यासारखाच चालला. गाडी आली की बायको सुया लावी, मिस्तरी दोन फुटांवरून सांगत. पण ते लगेच 'ठीक आहे' म्हणेनासे झाले. जरा तापू दे, म्हणत. अर्ध्या तासाने सांगतो, म्हणत. म्हातारपणी माणूस चोखंदळ होतो, असं गिऱ्हाइकांना वाटलं. बायकोला वाटलं, बाईंचं त्यांच्या मनाला लागलंय. दोघांचंही बरोबर होतं, फक्त अपुरं होतं.

सहा महिन्यांनी पेसमेकरची तपासणी होती. तपासणारी मुलगी तिशीचीही नसेल. तिने मिस्तरींच्या छातीवर इस्त्रीसारखं दिसणारं काहीतरी ठेवलं आणि स्क्रीनकडे बघू लागली. बायको खुर्चीवर, मांडीवर पर्स आणि पर्सवर वही.

"बॅटरी छान आहे, काका. आठ वर्षं तरी बघायला नको."

"व्होल्ट किती?"

मुलीने मान वर केली. असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "दोन पॉइंट सात आठ."

"लोडवर?"

"अहो, तिला तिचं काम करू द्या," बायको म्हणाली.

मुलगी हसली. मग तिचं हसणं स्क्रीनवर कुठेतरी अडकलं. ती दोनतीनदा मागेपुढे गेली. काका घरी कुठलं मोठं मशीन वापरता का, वेल्डिंगजवळ उभे राहता का, असं तिने विचारलं. मिस्तरी नाही म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"कारण बाहेरून काहीतरी गोंधळ आलेला दिसतोय इथे. अकरा वेळा. हे मशीन सगळं लिहून ठेवतं ना, तारीखवार." ती वाचू लागली. बारा चाळीस. बारा पस्तीस. बारा पन्नास. प्रत्येक वेळी चारेक मिनिटं. "आणि मागच्या महिन्यात सतरा तारखेला, बारा बेचाळीसला, साडेतीन सेकंद त्याने ठोकाच दिलेला नाहीये. तुम्हाला काही जाणवलं होतं का? चक्कर वगैरे?"

मिस्तरी छताकडे बघत होते.

बाराला बायको डबे आणायला घरी जात असे आणि एकला परत येत असे. हे त्या खोलीतल्या तिघांपैकी दोघांना माहीत होतं. बायकोने वही उघडली. मुलीला तारखा पुन्हा सावकाश सांगायला सांगितल्या आणि एकेका तारखेवर बोट ठेवत गेली. प्रत्येक तारखेला एक गाडी होती, आणि गाडीपुढे तिच्याच अक्षरात, ती परत आल्यावर तिला सांगितलेलं, 'ठीक आहे'. अकराच्या अकरा. तिने वही मिटली आणि मुलीचे आभार मानले. डॉक्टरांनी नंतर आत बोलावून जे सांगितलं त्यात नवीन काही नव्हतं. फक्त या वेळी त्यांनी व्यवसायाचा रकाना वाचला होता.

बाहेर व्हरांड्यात लोखंडी बाकावर दोघं बसली. केसपेपरवर शिक्का मारून मिळायचा होता आणि शिक्का मारणारा जेवायला गेला होता.

"स्क्रूड्रायव्हर घरी आहे," बायको म्हणाली. "फडताळावर. मी आठवड्याला पुसते तो."

"दुसरा आणला."

समोरून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली. तिचं एक चाक किरकिरत होतं. मिस्तरींची मान आपोआप तिकडे वळली आणि त्यांनी ती परत आणली.

"माझ्यासमोर नाही केलंत," ती म्हणाली. "मी गेल्यावर केलंत. म्हणजे मी डबे घेऊन यायचं आणि तुम्ही तिथे इंजिनावर पडलेलं असायचं. असं ठरवलं होतंत तुम्ही."

"असं कोण ठरवतं?"

"मग काय ठरवलं होतं?"

"ऐकायचं होतं," ते म्हणाले. "न ऐकता ठीक आहे म्हणवत नाही मला आता."

बायकोने रुमाल काढला, डोळ्यांकडे नेला आणि मग चष्मा पुसून परत ठेवला. शिक्का मारणारा आला तेव्हा ती उठली, आणि उठता उठता म्हणाली, "मग मला शिकवा."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. तिने फडताळावरचा स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या हाताने परत आणला. चालू गाडीवर ती ओणवी व्हायची, टोक टेकवायची, मूठ कानाला लावायची, आणि मिस्तरी दोन फुटांवरून इंजिनापेक्षा मोठ्या आवाजात विचारायचे.

"काय ऐकू येतं?"

"घरघर."

"घरघर इंजिनाची. तिच्या खाली?"

"खाली पण घरघरच."

मिस्तरींनी सांगायचा खूप प्रयत्न केला. चांगलं बेअरिंग म्हणजे भरलेल्या घागरीवर हात फिरवल्यासारखं. कोरडं पडत आलेलं म्हणजे वाळूवरून चप्पल. कार्बन झिजले की कागदाला पेन्सिल टेकल्यासारखं, पण लांबच्या खोलीत. एक डायोड गेला तर... इथे ते थांबत. हाताने हवेत काहीतरी दाखवत. पस्तीस वर्षांत हे शब्दांत सांगायची वेळच आली नव्हती, आणि आता शोधू गेलं तर शब्द तिथे नव्हते. बायको सगळं वहीत लिहून घेत असे. घागर, वाळू, पेन्सिल. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेलं बिनचूक लिहून घेतलेली बाई. तिच्या लिहिण्यात एक चूक नव्हती, आणि कानात काही शिरत नव्हतं.

दीड महिना गेला. तिचं मानेचं दुखणं सुरू झालं. उजवा कान संध्याकाळी गुणगुणायचा. ती बोलली नाही.

एके दिवशी दोन गाड्या एकदमच आल्या, एकाच बनावटीच्या. मिस्तरींनी दोन्ही चालू ठेवायला सांगितल्या. बायकोने पहिली ऐकली, दुसरी ऐकली. पुन्हा पहिलीकडे गेली. मिस्तरी लांब उभे राहून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. केसांना ग्रीस लागलं होतं. गालावर मुठीचा गोल वळ उठला होता.

"दुसरीचा वेगळाय," ती म्हणाली.

"कसा?"

तिने वहीकडे बघितलं नाही. "वाळूसारखा."

दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर नवा कोरा होता. आठवड्यापूर्वीच बसवला होता, डबी फोडून, असं तिच्या मालकाने आल्याआल्या मिस्तरींना सांगितलं होतं. बायको तेव्हा आत सुया शोधत होती. आता ती मिस्तरींकडे बघत होती. परीक्षेत नापास होणार हे माहीत असलेलं मूल शेवटच्या प्रश्नाला काहीतरी लिहून टाकतं आणि वर बघतं, तशी.

"बरोबर," मिस्तरी म्हणाले. "आलं की तुला."

ती हसली. खूप दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं. बायकोला सांगितलं की आपलंही वय झालं, आणि तुझी मान बरी नाही. तिने कारण विचारलं नाही. तिलाही बहुधा सांगायचं नव्हतं, आणि दोन्हीकडून न सांगण्याची इतकी चांगली सोय झाल्यावर ती कोण मोडणार? पाटीवर लिहिलं होतं: 'चालू गाडी तपासली जाणार नाही. अल्टरनेटर काढून आणल्यास दुरुस्त करून मिळेल.' रंगवणाऱ्याने खाली आपणहून एक फूल काढलं. ते राहू दिलं.

गिऱ्हाईकं आटली. लोकांना गाडी आणायची सवय होती, गाडीतलं काढून आणायची नव्हती. जे थोडे येत ते पोत्यात गुंडाळलेला अल्टरनेटर टेबलावर ठेवत. थंड, गप्प. मिस्तरी तो उघडत, कार्बन बदलत, बेअरिंग बदलत, डायोड एकेक करून मीटरवर बघत. हे काम आवाज न करता होतं. छाती टेबलाला टेकली तरी चालत होतं. झाल्यावर तो पुसून मालकाच्या हातात देताना ते म्हणत, "बसवून घ्या. आणि चालू केल्यावर कुणाला तरी ऐकायला लावा."

"कुणाला?" एकाने विचारलं होतं.

मिस्तरींनी हात पुसायला घेतले.

अशातच एक दिवस, अकराच्या सुमाराला, बायकोने खिडकीतून बाहेर बघितलं आणि ती उठून उभी राहिली. रस्त्याच्या कडेकडेने एक पांढरी गाडी येत होती, मुंगीच्या पावलाने. ड्रायव्हरचं दार उघडं होतं. गणिताच्या बाई एक हात आत स्टिअरिंगवर आणि एक खांदा दाराच्या चौकटीला लावून गाडी ढकलत होत्या. पासष्ट वर्षांची बाई, साडीचा पदर खोचलेला. दर दहा पावलांनी थांबत होत्या आणि श्वास घेत होत्या.

दोघं बाहेर धावली. म्हणजे त्यांच्या वयाला येईल तेवढी.

"बंद पडली का, बाई?" मिस्तरींनी विचारलं.

"नाही." बाईंनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं चढलंय, ते साफ करून हवं होतं. कोपऱ्यावर मीच बंद केली. तुमच्या दारात चालू कशाला आणायची?"

मिस्तरींनी कोपऱ्याकडे बघितलं. बरंच अंतर होतं. ते गाडीच्या मागे गेले आणि उजवा तळवा डिकीवर ठेवला. बायको त्यांच्या डावीकडे आली, त्यांच्या छातीच्या बाजूला, आणि तिनेही हात लावला. पुढून बाईंनी खांदा दिला. गाडी हलली.

मागून येणारा एक स्कूटरवाला हळू झाला. तिघांच्या वयांची बेरीज दोनशेच्या घरात जात होती. बाईंना नक्की आकडाही सांगता आला असता.

"चालू होत नाही का?" त्याने विचारलं. "धक्का देऊ?"

"होते की," बाई म्हणाल्या. "छान चालते."

तो क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला, मग गाडीकडे, आणि काही न कळून निघून गेला. तिघं ढकलत राहिली. गॅरेज अजून वीसेक पावलं होतं.